आजीच्या आंबेडकरी चळवळीतल्या आठवणी रेकॉर्ड कशा करायच्या

आधी एक सांगते, "आजी तू चळवळीत काय केलंस" असं विचारूच नका. माझी आजी दिघ्याला राहते, तिला मी हेच विचारलं तर म्हणाली मी कसलं काय करतेय, तुझे आजोबा जायचे, मी भाकऱ्या थापल्या. म्हटलं किती थापल्यास? आणि मग सुरू झाली बघा, नामांतराच्या मोर्चाला (मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून) वस्तीतनं टेम्पो निघायचा होता, आदल्या रात्री पाचजणींनी घरटी एक वाटी पीठ गोळा केलं, घरात जागा नाही म्हणून चूल बाहेर मांडली, पहाटे भाकरी-ठेचा फडक्यात बांधला आणि पोर कडेवर घेऊन ह्या पण त्याच टेम्पोत चढल्या. म्हणजे गेली होती की मोर्चाला!

तर प्रश्न असे विचारा, पोर कोणाकडे ठेवलं, वर्गणीची वही कोण लिहायचं, पोलीस आले तेव्हा घरात कोण होतं. साल विचारलं की म्हातारी माणसं गप्प होतात, त्याऐवजी "तेव्हा आत्या पोटात होती का" विचारा, साल आपण नंतर जुळवायचं. भूमिहीनांचा सत्याग्रह 1964 च्या डिसेंबरात सुरू झाला, नामांतराचा ठराव जुलै 1978 चा, नामविस्तार (जुनं नाव ठेवून बाबासाहेबांचं नाव जोडलं तो) 14 जानेवारी 1994 चा, एवढं हाताशी असलं तरी बरंच जुळतं.

दुपारी जेवणं झाल्यावर बसा, फोन एरोप्लेन मोडवर, पंखा बंद (उकडतं, पण आवाज खूप येतो). तिची एखादी जुनी मैत्रीण असेल तर शेजारी बसवाच, एक विसरली की दुसरी सांगते. घरातल्या पुरुषांना मात्र तासभर बाहेर पाठवा, नाहीतर काका मधेच बोलतात आणि आजी लगेच "हां, तेच" म्हणून गप्प.

फोटोंवर सगळ्यात जास्त वेळ द्या. मागच्या रांगेतल्या बायकांची नावं कोणीच लिहिलेली नसतात, लिहिलं असलं तरी सौ. अमुक. माहेरचं नाव, गाव विचारा आणि फोटोमागे मऊ पेन्सिलीने लिहा, पेन नको, शाई पुढे उमटते. 20 जुलै 1942 ला नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, हजारो बायका आल्या होत्या, घटस्फोटाचा हक्क मागितला, एक बायको असताना दुसरी करायला बंदी मागितली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. त्यांचं नाव तरी सापडतं, पण मांडवात बसलेल्या बाकीच्या कोण होत्या, हे लिहून ठेवणारं कोणी नव्हतं आणि मला ते फार लागतं.

शेवटी सगळं तिला परत ऐकवा, आणि फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी विचारा. आमची पूर्ण ऐकून म्हणाली, अगं टेम्पोचं भाडं कोणी दिलं ते राहिलंच की, शेजारणीने जोडवी गहाण ठेवली होती. फोन परत चालू केला.