घरातल्या नवशिक्यासाठी पहिली मोटरसायकल घेताय? या चुका टाळा

घरात कोणी मोटरसायकल शिकायला निघालं की गाडी कोणती घ्यायची यावर सगळे बोलतात, आणि जो चालवणार असतो तो गप्प बसलेला असतो. वडिलांना तरुणपणी घ्यायची राहून गेलेली गाडी हवी असते, चुलतभावाला पिकअप हवा असतो. शेवटी दारात येते ती दुसऱ्याच कुणाच्या तरी हौसेची गाडी. वर्षानुवर्षं हेच बघतोय, म्हणून स्पष्ट लिहितो.

बसवून न बघता गाडी ठरवणं

माहितीपत्रकातले सीसी आणि पॉवर सगळे वाचतात. सीटची उंची आणि वजन कोणी वाचत नाही, आणि नवशिक्याची गाडी बहुतेक वेळा पडते ती याच दोन आकड्यांपायी. वेगात गाडी आपला तोल बऱ्यापैकी स्वतः सांभाळते. ती पडते थांबताना, निघताना, अरुंद जागेत वळवताना, पार्किंगमधून मागे ओढताना. तिथे सगळा भार पायांवर असतो.

माझ्या थोरल्या भावाने मुलीसाठी गाडी बघितली तेव्हा मी म्हटलं, "दादा, तिला आधी बसवून बघ." "अरे, होईल सवय," म्हणाला. गाडी आली १९० किलोच्या घरातली, सीट ८३० मिलिमीटरच्या वर. पुतणी बसली की नुसते चवडे टेकायचे. सरळ रस्त्यावर ती छान चालवायची, त्यामुळे दादा खूश. एकदा फाटकाच्या उतारावरून बाहेर पडून वळताना समोरून सायकलवाला आला. हँडल पूर्ण वळलेलं असताना तिने पुढचा ब्रेक दाबला. गाडी जागीच अडली आणि उताराच्या बाजूला कलली. तिने पाय टाकला, पण त्या बाजूची जमीन आणखी खाली होती. घोटा फूटरेस्टखाली सापडला, क्लचचा लिव्हर मोडला. वेग म्हणाल तर चालणाऱ्या माणसाएवढा. हाड वाचलं, पण पुढे कित्येक महिने तिने किल्लीला हात लावला नाही. "मला नाही जमत, काका," हेच म्हणायची. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तिला उत्तम जमत होतं. पुढे माझ्या जुन्या सव्वाशे सीसीच्या गाडीवर ती आरामात तयार झाली.

तेव्हापासून घरातलं कोणीही गाडी बघायला निघालं की मी सोबत जातो. रोजचे बूट घालायचे, गाडीवर बसायचं, दोन्ही तळपाय सपाट टेकले पाहिजेत. सराव झालेला माणूस चवड्यांवरही निभावतो, नवशिक्याला मी ती सूट देत नाही. माहितीपत्रकातल्या उंचीवर विसंबू नका. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढ्याच उंचीवरून पाय कमी पोचतात. मग इंजिन बंद ठेवून गाडी पुढे-मागे ढकलायची, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून. शेवटी साइड स्टँडवरून एकट्याने सरळ उभी करायची. एवढ्यात दम लागला तर दुसरी गाडी बघायची. शोरूममधल्या गाडीत पेट्रोल नावापुरतंच असतं. १३ लिटरची टाकी भरली की दहाएक किलो वाढतात, आणि तेही वरच्या बाजूला.

यावर ठरलेला तोडगा म्हणजे "सस्पेन्शन खाली करून घेऊ". मला हा शॉर्टकट अजिबात पटत नाही. गाडी खाली आली की साइड स्टँड तिच्या मानाने लांब पडतो, गाडी जास्तच ताठ उभी राहते आणि जरा धक्का लागला की पलीकडे आडवी होते. खालचा भाग गतिरोधकाला घासतो तो वेगळाच. बुटकी गाडी मिळत असताना उंच गाडी कापत बसायचं कशाला?

"पुढे छोटी वाटेल, आत्ताच मोठी घ्या"

वाढत्या अंगाचे कपडे घ्यावेत तशी लोक गाडी घेतात. नवशिक्याला आधी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी संथ चालवणं, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबणं, कमी वेगात वळवणं शिकायचं असतं. खड्ड्यात चाक गेलं की मनगट हलतं आणि नकळत रेस दिली जाते. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला त्याने छोटा हिसका बसतो. ताकदवान गाडी एकदम पुढे झेपावते, अंग मागे जातं, मूठ आणखी पिळली जाते. नुसते सीसीही बघू नका. कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन संथ फिरत असतानाही, नीट ओढणारी आणि ताठ बसता येईल अशी गाडी शिकायला बरी. पहिल्याच महिन्यात लांबच्या सफरीची स्वप्नं बघणाऱ्यांना हे रुचत नाही, पण घाई करणाऱ्यांचा ब्रेक नेहमी कच्चा राहिलेला मी पाहिलाय.

बाकीच्या चुका

एबीएस वगळून पैसे वाचवणं. मोटरसायकलवर ते १९८८ साली बीएमडब्ल्यूच्या के१०० मालिकेवर आलं, आता छोट्या गाड्यांवरही मिळतं. घाबरून ब्रेक आवळला तरी ते चाक लॉक होऊ देत नाही. सिंगल चॅनल असेल तर हे फक्त पुढच्या चाकापुरतं, हे शिकणाऱ्याला आधीच सांगा.

सगळे पैसे गाडीत घालून हेल्मेट उरलेल्या पैशांत घेणं. मी हेल्मेट आणि हातमोजे आधी घेतो, मग गाडीचा आकडा ठरवतो.

शिकताना मागे कोणाला बसवणं. नको म्हणजे नको.

जुनी गाडी इंजिन गरम असताना बघणं. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका, आणि गेल्यावर इंजिनला हात लावून बघा. थंड इंजिन नीट सुरू होतंय का, धूर कसा येतोय, हे तेव्हाच कळतं. गाडी आपटलेली असेल तर हँडल दोन्हीकडे सारखं वळत नाही आणि लिव्हरची टोकं घासलेली दिसतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१७ म्हणजे २०१७ सालचा पस्तिसावा आठवडा. इतका जुना टायर दिसला तर नक्षी कितीही खोल असो, नव्या टायरचे पैसे वजा करूनच भाव करा.