नाताळ प्लमला फळ धरत नाही? या चुका टाळा

दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताळच्या किनाऱ्यावर, खाऱ्या वाऱ्यात आणि नुसत्या वाळूतही नाताळ प्लमचं झुडूप बारमाही हिरवं असतं. झुलू लोक त्याला अमाथुंगुलू म्हणतात. आपलं करवंदही याच कॅरिसा प्रजातीतलं, त्यामुळे चीक, काटे आणि पांढऱ्या चांदणीसारखी फुलं ओळखीची वाटतील. डर्बनकडच्या बागांत पाखरांसाठी म्हणून हे झुडूप हौसेने लावतात आणि मग तक्रार येते: फळच नाही!

बहुतेक वेळा दोष कात्रीचा असतो. कुंपण सरळ दिसावं म्हणून दर महिन्याला शेंडे छाटले जातात. फुलं येतात ती नेमकी शेंड्यांवर. म्हणजे बहर आपणच कापून टाकतो. फळं संपल्यावर एकदाच, तेही हलक्या हाताने छाटा. त्याआधी आत डोकावून घरटं नाही ना, हे बघाच. दुभंगलेल्या जाड काट्यांमुळे छोटे पक्षी इथे निर्धास्त घरटी करतात. ती उघडी पडली तर बाग कुणासाठी केली?

छाटणी थांबवूनही फळ नसेल तर फूल उघडून पाहा. काही झाडांची फुलं मोठी, पुंकेसर लांब. ती फक्त नराचं काम करतात. मादीच्या फुलात परागकोश लहान आणि रिकामे. एकुलतं एक रोप लावून म्हणूनच भागत नाही. बियांपासून केलेली चार-पाच रोपं लावा, किंवा फळणाऱ्या झाडाचं छाट कलम घ्या आणि जवळ नर फुलांचं झाडही असू द्या.

परागण मुख्यतः रात्रीचे पतंग करतात. संध्याकाळी कीटकनाशक फवारलं, रात्रभर दिवे चालू ठेवले, तर ते येणार कसे?

पाणी साचू देऊ नका, खत बेताचं घाला. दव गोठण्याइतकी थंडी पडणाऱ्या भागात कोवळं रोप झाकावं लागतं.

फळ पूर्ण लाल झाल्यावरच खा; बाकी झाड विषारी मानतात. सगळी फळं मात्र तोडू नका, पक्षी आणि माकडं त्यांच्यावरच येतात. काट्यांची भीती वाटत असेल तर बिनकाट्यांची बुटकी जात आणू नका, कारण घरट्यांना आधार काट्यांचाच असतो; त्याऐवजी मुलांच्या वाटेपासून मीटर-दीड मीटर आत खड्डा घ्या.