लिश्टेनस्टाइन पुठ्ठ्यात: शाळेच्या प्रकल्पासाठी उठावाचा नकाशा

लिश्टेनस्टाइन हा युरोपातला स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधला चिमुकला देश, उत्तर-दक्षिण सुमारे २५ किलोमीटर लांब आहे. ठाण्याहून लोकलने उल्हासनगरला उतरलात की झाला देश संपूर्ण. सगळ्यात रुंद जागी तो जेमतेम १२ किलोमीटर भरतो. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर. सिडकोने आखलेली नवी मुंबई ३४४ चौरस किलोमीटरची, म्हणजे तिच्यात असे दोन देश बसवून वर जागा उरते.

हे सगळं चार्टपेपरवर लिहिता येतं, पण त्यात या देशाची खरी गंमत येत नाही. ती उंचीत आहे. सर्वांत सखल जागा समुद्रसपाटीपासून ४३० मीटरवर आणि सर्वांत उंच शिखर, ग्राउश्पिट्झ, २,५९९ मीटरवर. म्हणून सपाट चार्ट सोडा आणि पुठ्ठ्याचे थर लावून उठावाचा नकाशा करा. थर्माकोल आणू नका. राज्यात थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर २०१८ पासून बंदी आहे, आणि पुठ्ठा तसाही जास्त नेटका कापला जातो.

प्रमाण १:५०,००० ठेवा. म्हणजे १ किलोमीटरला २ सेंटिमीटर. देश ५० बाय २४ सेंटिमीटरचा होतो आणि ६० बाय ३५ च्या पाटावर आरामात मावतो. हेच प्रमाण घ्यायचं आणखी एक कारण आहे. पाच पदरी खोक्याचा पुठ्ठा साधारण ५ मिलिमीटर जाड असतो, आणि या प्रमाणात ५ मिलिमीटर म्हणजे बरोबर २५० मीटर उंची. त्यामुळे डोंगर फुगवून दाखवावे लागत नाहीत, जेवढे उंच तेवढेच दिसतात. पुठ्ठा आणल्यावर दहा तुकडे एकावर एक ठेवून जाडी मोजा आणि दहाने भागा. ६ मिलिमीटर भरली तर थर ३०० मीटरचे धरा, ३ भरली तर १५० चे. ही मोजणी टाळली की शेवटी डोंगर एक तर बसका होतो नाही तर सुळका.

खोकी विकत घ्यायची गरज नाही. फळवाल्याकडे सफरचंदाची रिकामी खोकी मिळतात, वाशीच्या एपीएमसी फळबाजारात तर हवी तेवढी. मोठी तीन पुरतात. ओली किंवा दुमडलेली नकोत. बाकी सामान म्हणजे कटर, स्टीलची पट्टी, कार्बन पेपर, फेव्हिकॉल, पोस्टर कलर, दोरा, टाचण्या आणि स्वयंपाकघरातली मोहरी.

समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा स्विस सरकारच्या नकाशा-संकेतस्थळावर मिळतो. त्यात लिश्टेनस्टाइनही येतो. ए-फोर कागद आडवा धरून तीन पानांत देश छापून होतो, फक्त पानं एकमेकांवर सेंटिमीटरभर चढतील असा भाग निवडा. छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून १०० टक्के ठेवा, नाहीतर प्रिंटर नकाशा गुपचूप आक्रसवतो. छापून आल्यावर नकाशावरच्या प्रमाणपट्टीला फूटपट्टी लावा. १ किलोमीटर २ सेंटिमीटर भरलाच पाहिजे.

आता कापणं. तळाचा थर म्हणजे पूर्ण देश. त्यावर ५०० मीटरची रेषा, मग ७५०, १,०००, असं करत २,५०० पर्यंत नऊ थर. तळ धरून दहा, एकूण उंची ५ सेंटिमीटर. प्रत्येक रेषा कार्बन पेपरने पुठ्ठ्यावर उतरवा आणि त्याच तुकड्यावर पुढच्या थराची रेषाही फिकट पेन्सिलीने काढून ठेवा. पुढचा तुकडा कुठे चिकटवायचा ते त्यावरून कळतं. कटर मोठ्यांनी चालवावा. एका दाबात कापायला गेलं की कडा चुरगळतात, तीन हलके हात फिरवा. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या एका थरात उभ्या, पुढच्यात आडव्या ठेवल्या तर नकाशा वाकत नाही.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली उत्तरेला. ५०० मीटरच्या थरात मुख्य डोंगरापासून तुटलेला एक वेगळा तुकडा आहे, तो एश्नरबर्ग. त्याचा माथा जवळजवळ ७०० मीटरवर आहे, म्हणून त्याला एकच थर. बरेच जण तो विसरतात आणि देशाचा उत्तर भाग निव्वळ मैदान होऊन बसतो. दुसरी चूक पूर्वेला. पश्चिमेच्या ऱ्हाईन नदीपासून ऑस्ट्रियाच्या हद्दीपर्यंत जमीन सरळ चढत जाते असं वाटतं, पण तसं नाही. पहिल्या रांगेमागे झामिना नदीचं खोरं आहे आणि तिथलं श्टेग हे ठिकाण १,३०० मीटरवर आहे. त्यामुळे १,५०० च्या थरात मधोमध लांब खाच पडते. ती भरून टाकू नका. त्या पलीकडे १,६०० मीटरवर माल्बुन, देशाचं स्कीइंगचं ठिकाण. १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवणारी हानी वेन्झेल याच देशाची, आणि एवढ्या डोंगरात ते फारसं नवल नाही.

चिकटवताना फेव्हिकॉल पातळ पसरवा. जास्त लावला की पुठ्ठा ओला होऊन फुगतो. दर दोन थरांनंतर वर पाट आणि जाड पुस्तकं ठेवा. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत रात्रभर पंख्याखाली ठेवल्याशिवाय पुढचा थर चढवू नका. वरून कागदाचा लगदा थापून उतार गुळगुळीत करायचा मोह होईल, तो आवरा. पायऱ्या दिसल्या तर बघणारा बोटाने उंची मोजू शकतो. रंगाआधी फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून एक हात द्या, नाहीतर पुठ्ठा रंग पिऊन टाकतो.

ऱ्हाईन पश्चिमेच्या कडेने जाते आणि हद्द नदीच्या मधून आहे, म्हणून निळी पट्टी पाटावर अर्धी बाहेर जाऊ द्या. पश्चिमेला आणि दक्षिणेला स्वित्झर्लंड, पूर्वेला आणि उत्तरेला ऑस्ट्रिया असं लिहा. या दोन्ही शेजाऱ्यांनाही समुद्र नाही. समुद्र गाठायला निदान दोन देशांच्या हद्दी ओलांडाव्या लागतात असे जगात दोनच देश आहेत, हा आणि उझबेकिस्तान. विमानतळही नाही. रेल्वे आहे, १८७२ पासून, आणि ती ऑस्ट्रियाची रेल्वे चालवते. देशातून ती सुमारे ९ किलोमीटर जाते, म्हणजे १८ सेंटिमीटरचा काळा दोरा ईशान्येकडून नेंडेल्न, शान असा नेऊन ऱ्हाईनपार सोडा. राजधानी फाडुत्सला (काही नकाशांत वाडुझ) दोरा लावू नका, तिथे स्टेशन नाही.

लोकसंख्या सुमारे ४०,०००. एक मोहरी म्हणजे हजार माणसं धरा. शान आणि फाडुत्सला सहा-सहा, ट्रीझन, बाल्झर्स आणि एशनला पाच-पाच, माउरेनला चार, ट्रीझनबर्गला तीन, रुगेल आणि गाम्प्रिनला दोन-दोन, शेलेनबर्गला एक. प्लांकेनमध्ये पाचशेच्या आसपासच माणसं आहेत. तिथे लोणच्याच्या मोहरीच्या डाळीतला अर्धा दाणा लावा. चिकटवून झालं की बहुतेक सगळी मोहरी ऱ्हाईनच्या काठी दिसेल. आता एका बाटलीत १,८४० दाणे भरून शेजारी ठेवा. ते ठाणे शहर, २०११ च्या जनगणनेप्रमाणे. मोजत बसू नका, शंभर दाणे चमच्यात किती भरतात ते बघून तेवढ्याच मापाने घाला. गावांच्या हद्दी मात्र रंगवू नका. अकरा गावांपैकी कित्येकांचे तुकडे डोंगरात इतरत्र विखुरलेले आहेत आणि या आकारात नुसता गोंधळ दिसतो.

झेंडा ५ बाय ३ सेंटिमीटरचा करा. वर निळा, खाली लाल, निळ्या पट्टीत काठीच्या बाजूला सोनेरी मुकुट. मुकुट विसरलात तर तो हैतीचा झेंडा वाटेल. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दोन देशांचे झेंडे सारखे निघाले आणि १९३७ मध्ये इथे मुकुट आला. झेंडा राजाच्या किल्ल्यावर रोवा. फाडुत्स तळाच्या थरावर येतं आणि किल्ला त्याच्या सुमारे १२० मीटर वर, म्हणून टाचणी ५०० च्या थरावर टोचा.

माहितीच्या चिठ्ठ्या पाचपेक्षा जास्त नकोत. १७१९ मध्ये देश तयार झाला. १८६८ मध्ये सैन्य बरखास्त केलं. चलन स्विस फ्रँक आहे. बायकांना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क १९८४ मध्ये मिळाला. जगात आकाराने सहावा लहान देश. युद्धावर ८० सैनिक गेले आणि ८१ परतले ही गोष्टही सापडेल, पण ती लिहिलीत तर ‘असं सांगतात’ हे शब्द आधी जोडा. परीक्षक हमखास विचारतात की सर्वांत मोठं गाव कोणतं, आणि मुलं राजधानीचं नाव सांगून मोकळी होतात. लोकसंख्येने शान किंचित पुढे आहे.

शाळेत नेताना पाट आडवाच धरा. रिक्षात उभा ठेवला की वरचे छोटे थर हादऱ्याने सुटतात. पिशवीत फेव्हिकॉलची छोटी ट्यूब आणि चार टाचण्या जास्तीच्या असू द्या.