काळ्या मातीच्या चिखलात गाडी कशी चालवायची

काळी माती भिजली की फुगते अन् टायरला चिकटून बसते, मुरमाच्या रस्त्यासारखं नाही. चाक थोडंसं फिरलं की टायरच्या खाचा भरल्या, मग नवा टायर काय अन् घासलेला काय, दोन्ही सारखेच गुळगुळीत. पहिल्या सरीनंतर तर जास्तच सांभाळा भाऊ, खालची जमीन कडक अन् वर लोण्यासारखा पातळ थर, गाडी फसत नाही पण घसरत घसरत धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, जाते. जोराचा पाऊस होऊन गेला असंल तर पांदणीला, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेला, थोडा वाफसा येऊ द्या, ऊन पडेपर्यंत थांबणं ट्रॅक्टर शोधत फिरण्यापेक्षा कधीही परवडते.

टायरचं म्हणाल तर कायद्यानं कारच्या टायरला 1.6 मिमी खाच लागते, पण चिखलात तेवढ्यानं काहीच होत नाही, माझं मत म्हणजे 3 मिमीवर आले की पेरणीच्या आधीच बदला. बोलेरोसारख्या गाडीला ऑल टेरेन, म्हणजे डांबरी अन् कच्चा दोन्ही रस्त्यांसाठीच्या, टायरनं चांगला फरक पडते. मड टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचे मोठ्या खाचांचे टायर, चिखलात भारी, पण डांबरीवर आवाज करतात अन् ओल्या डांबरीवर पकड कमी, रोज तालुक्याला जाणंयेणं असंल तर नका घेऊ.

हवा कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय अन् तोच कोणी करत नाही. नेहमी 32-33 पीएसआय ठेवत असाल तर पांदणीपुरती 22-24 वर आणा, टायर जमिनीला जास्त टेकते. मात्र अशा हवेवर हळूच चालवा, जोरात वळवू नका, अन् डांबरी लागली की आधी हवा भरा मग पुढं निघा, त्यासाठी 12 व्होल्टवर चालणारा छोटा पंप गाडीतच ठेवा.

आता चालवायचं. पहिल्यापेक्षा दुसरा गिअर बरा, चाकाला एकदम जोर बसत नाही. चिखलात शिरायच्या आधीच गिअर अन् स्पीड ठरवा, मग ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवून निघून जा, मधात गिअर बदलला की गाडी थांबलीच समजा. हाफ क्लच नको, प्लेट जळते. गाडी सरळच घसरत चालली अन् वळत नाही असं झालं तर स्टेअरिंग अजून पिळू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग थोडं सरळ करा, पकड आली की मग वळवा. मागची बाजू उजवीकडे फेकली तर स्टेअरिंगही हळूच उजवीकडेच, अन् ब्रेक दाबायचा नाही. बोलेरोला ताकद मागच्या चाकांवर असते, रिकामी असली की मागून हलकी पडते, मागं दोन-तीन पोते टाकले तर पकड येते. स्विफ्ट, वॅगनआरची ताकद पुढच्या चाकांवर, तिथं मागं वजन टाकून फायदा नाही.

अन् फसलीच तर? चाक जागेवर फिरायला लागलं त्याच क्षणी पाय काढा, रेस करत राहिले की गाडी खाली जाऊन पोटावर बसते अन् मग माणसांच्या धक्क्यानं निघत नाही. फावड्यानं चाकापुढची अन् मागची माती काढा, टायरच्या खाचा काडीनं मोकळ्या करा, ताकदीच्या चाकाखाली पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या नाहीतर पोतं दाबून घाला, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की आपोआप ताकद कमी करणारी सोय) असंल तर तेवढ्यापुरतं बंद करा, मग पहिला अन् रिव्हर्स असं हळूहळू झुलवत काढा. धक्का मारणाऱ्यांनी फिरत्या चाकामागं उभं राहू नये. ट्रॅक्टरनं ओढायची वेळ आली तर दोर टोइंग हुकालाच बांधा, बंपरला कधीच नाही, अन् दोर ताणलेला असताना लेकराबाळांना लांब ठेवा, तुटला तर हातपाय मोडते.

नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असंल तर मात्र यातलं काहीच कामाचं नाही. वाहत्या पाण्याला फूटभर खोली असली तरी छोटी कार उचलली जाऊ शकते, म्हणून पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबा.

घरी आल्यावर चाकं आतून धुवा. रिमच्या आत सुकलेला गोळा राहिला की हायवेवर स्टेअरिंग थरथरते अन् लोक उगाच अलाइनमेंटला पैसे देऊन येतात.