बसलेला आवाज असा उठवला

आमचं कॉलेज लोकलच्या रुळांना लागून. खिडक्या उघड्या ठेवल्या की गाडीचा भोंगा, बंद केल्या की उकाडा, आणि वर पंख्यांची घरघर. त्यावर मात करत सलग लेक्चरं घेतली की शुक्रवारपर्यंत घशातून नुसती हवाच बाहेर यायची.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं: दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी. आधी स्पीच थेरपी करा, ऑपरेशनचं नंतर बघू, म्हणाले.

थेरपिस्ट बाईंनी सगळ्यात आधी खाकरणं बंद करायला लावलं. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्यायचं. कुजबुजणंही नको, त्यानेही ताण येतो. मग स्ट्रॉ: अर्ध्या ग्लास पाण्यात टोक बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. स्टाफरूम खूप हसली. (हसणाऱ्यांपैकी दोघी आता माझ्याकडूनच स्ट्रॉ मागून नेतात.) रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होणंही सोडलं, आम्ल घशापर्यंत चढत होतं.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर ज्येष्ठमध चघळत बसू नका, दुर्बिणीने तपासून घ्या.

माझ्या मते खरा फरक पाडला तो माइकने. कॉलेज 'बघू' म्हणत राहिलं, शेवटी कमरेला अडकवायचा छोटा स्पीकर पदरमोड करून घेतला. आता शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा झोपू शकत नाहीत.