घर विकण्याआधी काय काय सांगून टाकायचं

भिंतींना रंग देण्याआधी कागद-पेन घेऊन एकदा घरभर फिरा आणि दोषांची यादी करा. ताज्या रंगाखाली ओल झाकली जाते, पुढच्या पावसाळ्यात ती वर येते आणि मग नोटीस तुमच्याच नावाने निघते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ चं म्हणणं सरळ आहे: तुम्हाला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष तुम्ही सांगायचाच. न सांगणं ही कायद्याच्या लेखी फसवणूक आहे. म्हणजे दारातली तडकलेली फरशी यादीत नसली तरी चालेल, ती त्याला दिसतेच. पण टाइल्सच्या आतून झिरपणारा पाइप किंवा फर्निचरमागे लागलेली वाळवी लिहायलाच हवी. गळती आता थांबली असेल तरी लिहा. कुठे होती, काय काम केलं, नंतर पुन्हा डाग आला का, आणि सोबत दुरुस्तीचं बिल. असं बिल पाहून गिऱ्हाईक बिथरत नाही, उलट निर्धास्त होतं, असं माझं मत.

दोष कागदातही असतो आणि तोच जास्त महागात पडतो. बहिणीचा हिस्सा, कोर्टात चालू असलेला दावा, गहाणखत, भाडेकरूशी केलेला करार, सगळं यादीत घ्या. कर्ज फिटलं म्हणून बोजा, म्हणजे मालमत्तेवरची कर्जाची नोंद, आपोआप उतरत नाही. ती कमी झाली का, ते स्वतः पाहा. बाल्कनी आत घेतली असेल तर मंजूर नकाशा काढून ताडून बघा. मालकीचे कागद घेणाऱ्याने मागितले तर दाखवावेच लागतात, आणि त्याच्या प्रश्नांना माहितीप्रमाणे खरं उत्तर द्यावं लागतं. ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा, अंदाज ठोकू नका.

‘एजंटला सांगितलं होतं’ हे पुढे सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून यादीवर तारीख घाला, घेणाऱ्याची सही घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि वकिलाला ती करारनाम्याला जोडायला सांगा. करारातल्या ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांवर विसंबून काही दडवू नका. करारानंतर, खरेदीखताआधी नवी नोटीस आली किंवा नवी गळती सुरू झाली तर तीही लेखी कळवा. वेगळं काही ठरलं नसेल तर विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर तुमच्याच माथी असतात. त्या पावत्याही याच फाइलला लावा.