फायनलायझेशनरजिस्ट्री लावायच्या आधी काय काय बघायचं (मी एकदा तोंडावर पडलोय)

फायनलायझेशनरजिस्ट्री म्हणजे जावास्क्रिप्टमधली सोय, जीसीने (गार्बेज कलेक्टर, न लागणारी मेमरी मोकळी करणारा) तुमचा ऑब्जेक्ट गोळा केला की ती तुमचं एक फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, बोलावते. ब्राउझर सपोर्ट वगैरे बघत बसू नका, वीकरेफ (ऑब्जेक्टला धरून न ठेवणारा रेफरन्स) आणि फायनलायझेशनरजिस्ट्री दोन्ही एक्मास्क्रिप्ट २०२१ मधले आहेत, नोड १४.६ पासून चालतात. आधी हे लागतंय का ते ठरवा. ऑब्जेक्टला नुसती जास्तीची माहिती चिकटवायचीय तर वीकमॅप (की म्हणून दिलेल्या ऑब्जेक्टला धरून न ठेवणारा मॅप) पुरतो, विषय संपला. बाहेरचं काही सोडवायचं असेल, फाइल हँडल, सॉकेट, किंवा माझ्यासारखा वेबअसेंब्लीच्या मेमरीतला बफर, तरच पुढे वाचा.

आता मुख्य. रजिस्टरला पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे लक्ष ठेवायचा ऑब्जेक्ट, आणि दुसरं आर्ग्युमेंट देता ना, हेल्ड व्हॅल्यू, कॉलबॅकला मिळणारी, ती रजिस्ट्री घट्ट धरून ठेवते. वीक नाही, घट्ट! मी कन्स्ट्रक्टरमध्ये तिथे ऐटीत ॲरो फंक्शन दिलं, आत धिस डॉट फ्री (धिस म्हणजे तोच ऑब्जेक्ट). म्हणजे रजिस्ट्रीने फंक्शन धरलं, फंक्शनने धिस धरला आणि ज्याच्या जाण्याची वाट बघायची त्यालाच मी धरून बसलो. कॉलबॅक एकदाही आला नाही, एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोसेस नुसती फुगत गेली. ऑब्जेक्ट थेट दिला असता तर टाइपएरर तरी आला असता, फंक्शनच्या आडून दिला की इंजिन गप्प.

त्यामुळे दुसऱ्या जागी फक्त पॉइंटरचा नंबर. धिस नाही, धिस पकडणारं फंक्शन नाही, वळसा घालून धिसपर्यंत पोचणारा ऑप्शन्स ऑब्जेक्टही नाही. आणि माझं फंक्शन धिस वापरतच नाही म्हणून निवांत राहू नका, व्हीएटमध्ये (क्रोम आणि नोडचं इंजिन) एकाच स्कोपमधली फंक्शनं एकच कॉन्टेक्स्ट (पकडलेल्या व्हेरिएबल्सची जागा) वाटून घेतात, शेजारच्याने पकडलं की तुमच्याही गळ्यात. साफसफाईचं फंक्शन क्लासच्या बाहेर लिहा, बास.

रजिस्ट्री मॉड्यूल लेव्हलला ठेवा, तीच गोळा झाली तर कॉलबॅक विसरा.

क्लोज मेथड तरीही हवीच. कॉलबॅक येईलच याची हमी नाही, प्रोसेस बंद होताना तर धरूच नका, शिवाय जीसीला तुमचा चिमुकला रॅपर दिसतो, त्यामागचा वेबअसेंब्लीतला भलामोठा बफर दिसत नाही, त्यामुळे त्याला कसलीच घाई नसते. क्लोजमध्ये अनरजिस्टर करा, नाहीतर तोच पॉइंटर नंतर परत फ्री होईल आणि तोवर तिथे दुसऱ्याच कुणाचा बफर बसलेला असेल. त्यासाठी तिसरं आर्ग्युमेंट, टोकन, तिथे धिस चालतो कारण टोकन वीक धरलं जातं. तिसऱ्या जागी चालतो, दुसऱ्या जागी नाही!!

वीकरेफ वापरत असाल तर डीरेफ (त्याच्याकडून ऑब्जेक्ट परत मागणं) केलं की अनडिफाइन्ड आहे का बघा, झालं.

टेस्ट करताना नोडला एक्स्पोज जीसी फ्लॅग, रेफरन्स सोडा, एक टिक जाऊ द्या, मग जीसी, मग परत थोडं थांबा. ब्राउझरमध्ये ऑब्जेक्ट कन्सोलवर छापू नका, डेव्हटूल्स धरून ठेवतं. कॉलबॅक आलाच नाही तर कुठे बघायचं? दुसरं आर्ग्युमेंट.